फूटपाथ जरूर बांधा, पण दगडाची धार घालवा

प्रति,
मा. आयुक्त,
तसेच रस्ते व वाहतूक नियोजन विभागातील सर्व अभियंते,
आमची महानगरपालिका

विषय: बाजारपेठेतल्या नव्या फूटपाथांची कड आणि माल उतरवण्याच्या जागा

महोदय,

जुन्या बाजारपेठेतला मुख्य रस्ता नव्याने बांधून झाला. उद्घाटन झालं, फोटो आले, आणि पुढच्या टप्प्यात किराणा आळी, भांडी आळी आणि मंडईमागचा रस्ता 'याच धर्तीवर' करायचं ठरल्याचं आपल्या पत्रकात वाचलं. ही धर्ती कशी आहे ते त्या रस्त्यावर रोज माल उतरवणाऱ्यांना आता चांगलंच कळलंय. आळ्यांचं काम पावसाळा संपल्यावर निघणार, असं ऐकतो. म्हणजे नकाशा अजून कागदावर आहे आणि दगड खाणीतून यायचाय. आत्ता बोललो नाही तर पुढची वीस वर्षं बोलून उपयोग नाही. विभागात लेखी अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

मी छोटा मालवाहतूकदार. दोन चौदा फुटी ट्रक आणि एक छोटा हत्ती, एवढाच पसारा. वाशीच्या घाऊक बाजारातून नाहीतर भिवंडीच्या गोदामांतून तेलाचे डबे, साखर, डाळी, साबण उचलायचे आणि पेठेतल्या दुकानदारांच्या दारात उतरवायचे. आधी स्वतः चालवायचो. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ड्रायव्हर ठेवले, पण टायरची वही अजून माझ्याच हातात असते. कोणता टायर कधी चढवला, कोणत्या चाकाला, कधी उतरवला आणि का उतरवला, असे रकाने. या 'का'च्या रकान्यात पूर्वी बहुतेक वेळा 'घासला' एवढंच असायचं, म्हणजे टायर आपलं आयुष्य जगून उतरला. नवा रस्ता झाल्यापासून तिथे 'साइड कट' (टायरची बाजू कापली जाणं) आणि 'फुगा' (बाजूला फुगवटा येणं) हे शब्द यायला लागले. आणि चाक जवळपास नेहमी तेच, मागचं डावं बाहेरचं.

आधीच सांगतो, माझं भांडण फूटपाथशी नाही. माझी आई काठी घेऊन मंडईत जाते. पूर्वी तिला हातगाडी आणि रिक्षा यांच्या मधून वाट काढावी लागायची, आता ती फूटपाथवरून चालते. फूटपाथ काढा, अरुंद करा, गाड्यांना वर चढू द्या, असं मी एका शब्दानेही म्हणत नाही. या पत्राचा कुणी तसा उपयोग करू पाहील तर त्यालाही माझा विरोध आहे. माझं म्हणणं फूटपाथच्या शेवटच्या चार बोटांबद्दल आहे, जिथे दगड संपतो आणि डांबर सुरू होतं.

टायरचं अर्थकारण आपल्याला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडं सांगतो. डिझेलनंतर आमचा मोठा खर्च टायरचा. चौदा फुटीला सहा टायर, आणि नवा रेडियल, म्हणजे आत पोलादी तारा असलेला टायर, पंधरा-सोळा हजारांच्या घरात. २०२५ च्या सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा बरं वाटलं होतं. ते वाचलेले पैसे आमच्या खिशात पोचण्याआधीच आपल्या दगडाने खाल्ले.

टायरची नक्षी झिजली म्हणजे तो संपला, असं आमच्यात नसतं. बॉडी चांगली असेल तर तो रिमोल्डला जातो. नव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात त्यावर नवी रबराची पट्टी चढते आणि तो पुन्हा चालतो. रिमोल्डवाला टायर हातात घेतला की नक्षीकडे बघतच नाही, तो बाजू बघतो. बाजूला तार उघडी दिसली की टायर भंगाराच्या ढिगाकडे. म्हणजे दगडाला एकदा जोरात घासलं की टायरचं उरलेलं आयुष्य तर जातंच, पुढचं रिमोल्डचंही जातं. विम्याचं म्हणाल तर नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत. गाडीलाही त्याच वेळी इजा झाली असेल तरच टायरचा विचार होतो.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी, दगडाच्या धारेची. नव्या रस्त्याच्या किनारीला मशीनवर कापलेला काळा दगड बसवलाय. दिसायला देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण त्याची वरची कड करवतीतून निघाली तशीच काटकोनात ठेवलीय. त्यावरून अंगठा जोरात ओढला तर कातडी सोलेल. तो दगड रस्त्यापासून किती वर आहे, हे मी टेप लावून मोजलं. बऱ्याच ठिकाणी साडेसहा इंच. मंडईच्या तोंडाशी रस्ता उताराला आहे आणि फूटपाथ मात्र सपाट धरलाय, तिथे आठ इंचांच्याही वर.

माझी मुलगी सिव्हिलचा डिप्लोमा करते. तिच्या वहीत कर्बचे, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाचे, प्रकार आकृतीसकट काढलेले आहेत. गाडी सहज चढेल असा बुटका, साधारण १०० मिलिमीटरचा. मधला १५० मिलिमीटरचा, ज्याच्या वरच्या ७५ मिलिमीटरला पंचेचाळीस अंशांचा उतार दिलेला असतो, म्हणजे वेळप्रसंगी चाक चढलं तरी कापलं जात नाही. आणि तिसरा २०० मिलिमीटरचा, गाडीला अडवण्यासाठीच केलेला. त्यालासुद्धा किंचित कल असतो, तोही सरळसोट भिंत नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी असं म्हटलंय. तेही आमच्या सोयीसाठी नाही. म्हातारीकोतारी माणसं, गरोदर बाया आणि कुबड्या घेऊन चालणाऱ्यांना चढता-उतरता यावं म्हणून. डिप्लोमाच्या पोरांना जे पहिल्या वर्गात शिकवतात ते आमच्या बाजारपेठेत का दिसू नये, एवढाच माझा प्रश्न आहे. मुलीने ती आकृती दाखवली तेव्हा मी तिला म्हटलं, वही जपून ठेव, साहेबांना लागेल.

या धारेने टायरला नेमकं काय होतं? टायर दगडावर समोरून, सरळ आणि सावकाश चढला तर सहसा त्याला काही होत नाही. नक्षीचं जाड रबर आणि त्याखालचे पोलादी पट्टे अशा मारासाठीच असतात. घात होतो तो गाडी दगडाला समांतर सरकताना. टायरची बाजू धारेवर दाबली जाते, वर भरलेल्या गाडीचं वजन असतं, आणि गाडी हातभर जरी पुढे गेली तरी रबर सालीसारखं निघतं. दुसरा घात चेपण्याचा. दगडाची कड आणि रिमची कड यांच्या मधे टायर सापडतो. वरून रबर शाबूत दिसतं, आतल्या तारा मात्र तुटलेल्या असतात. फुगा नंतर येतो, कधी कधी बऱ्याच दिवसांनी, घाटात नाहीतर एक्सप्रेस वेवर, टायर तापलेला असताना.

पूर्वीच्या नायलॉन टायरला हा मार थोडाफार सोसायचा. त्याच्या आत दोऱ्यांचे थर बाजेच्या नवारीसारखे एकमेकांवर तिरके विणलेले असतात, त्यामुळे बाजू जाड आणि ताठ. रेडियलमध्ये तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, आणि बहुतेक ट्रक रेडियलच्या बाजूला तारांचा एकच थर असतो. बाजू पातळ, लवचिक. त्यामुळेच तो कमी तापतो, डिझेल वाचवतो, लांब चालतो. आणि त्यामुळेच आपल्या दगडापुढे तो हरतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या टायरवाल्याकडे असा एक टायर उतरवला. बाहेरून पाहिलं तर बाजूला बोटभर लांबीची एक चीर, वर चिखल बसलेला. त्याने टायर बल्बखाली धरला, आतून हात फिरवत नेला आणि एका जागी थांबला. तिथे माझाही हात ठेवायला लावला. आतला गुळगुळीत थर त्या जागी उचलला गेला होता, खाली काहीतरी खरखरीत टोचत होतं. बाहेरून चिरेत स्क्रू ड्रायव्हर घालून त्याने रबर उलगडलं, तर तारांची टोकं तुटलेली आणि लाल गंजलेली. चिरेतून पाणी आत जात होतं. गंज तारांवरून दोन्ही बाजूंना चढला होता. नक्षी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होती. मी गेटर, म्हणजे आतून ठिगळ, टाकून चालेल का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मालक, टाकून देतो, पण मग गाडीत तुम्ही बसा, ड्रायव्हरला बसवू नका." टायर तिथेच सोडला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मागे दोन-दोन चाकांची जोडी असते. बाहेरच्या टायरची हवा हळूहळू गेली तरी ड्रायव्हरला लगेच कळत नाही, कारण आतला टायर एकट्याने भार उचलत राहतो. त्याच्यावर दुपटीने वजन पडतं, तो तापतो आणि दोन्ही जातात. रस्त्यावर टायर फुटला तर शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होतं ते मी आपल्याला सांगायला नको. त्यामुळे हा फक्त माझ्या खिशाचा प्रश्न आहे असं समजू नका.

दुसरी तक्रार कोपऱ्यांची. नव्या रचनेत प्रत्येक चौकात फूटपाथ पुढे रस्त्यात आणलाय आणि कोपरा आवळून घेतलाय. गाड्यांनी वळताना वेग कमी करावा आणि माणसांना कमी अंतरात रस्ता ओलांडता यावा, हा हेतू मला कळतो आणि पटतोही. पण गाडीचं मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापून जातं. साडेतीन मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली, गाडी घ्या. तिचं पुढचं चाक आठ मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेलं, तर मागचं त्याच्या साधारण ८० सेंटिमीटर आतून जातं. हे शाळेतलं पायथागोरसचं गणित आहे, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. समोर रिक्षा उभ्या असल्या की ड्रायव्हरला गाडी बाहेरून घ्यायला जागा उरत नाही. मग मागचं चाक कोपऱ्याच्या दगडावर जाणारच. भांडी आळीच्या तोंडाशी जो नवा कोपरा केलाय, त्याचे दगड पाहून या. काळ्या दगडावर त्याहून काळे रबराचे पट्टे दिसतील. दोन दगड जागेवरून हललेत, मागचे पेव्हर ब्लॉक खचलेत आणि त्यात पाणी साचतं. टायर आमचा गेला, फूटपाथ आपला गेला आणि त्या खड्ड्यात पाय पडला तो तिसऱ्याच कुणाचा तरी.

तिसरी तक्रार थांबायच्या जागेची. ही मुळात पहिल्या दोन्हींची आई आहे. गाडीला नीट उभं राहायला जागा असेल तर ड्रायव्हर दगडाच्या इतक्या जवळ जाईलच कशाला? संपूर्ण मुख्य रस्त्यावर माल उतरवायला एकच कप्पा ठेवलाय. तो जवळपास गाडीच्याच लांबीचा, आणि त्याची दोन्ही टोकं काटकोनात दगडाने बंद. गाडी समांतर लावायची तर पुढे-मागे मिळून निदान दीड-दोन मीटर मोकळे लागतात. चारचाकी शिकणाऱ्यालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. त्यातून त्या कप्प्यात सकाळी आठपासून दुचाक्या लागलेल्या असतात. त्यांना कुणी हटवत नाही. आम्ही बाहेर उभे राहिलो की मात्र पाचव्या मिनिटाला फोटो निघतो. नो पार्किंगचं चलन पहिल्या वेळी ५००, पुढे १५००. म्हणून ड्रायव्हर काय करतो, तर रस्ता अडू नये म्हणून गाडी दगडाला जेवढी चिकटवता येईल तेवढी चिकटवतो. टायर घासतो तो याच क्षणी.

जागा ठरवून देण्याचा अधिकार नाही, असंही नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७ वाहनं कुठे उभी राहतील ते ठरवण्यासाठीच आहे, आणि त्यात स्थानिक संस्थेशी सल्लामसलत सांगितलीय. नव्या व्यापारी इमारतींना परवानगी देताना माल चढ-उतारासाठी आवारात जागा ठेवायला लावतात, तीही आपलीच नियमावली. पेठेतली दुकानं शंभर वर्षांची, त्यांना आवारच नाही. तिथे ती जागा रस्त्यावरच द्यावी लागेल.

कप्पा दुकानापासून दूर असला की भोगतात ते हमाल. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन चाळीस पावलं चालणं आणि दीडशे पावलं चालणं यात फरक आहे. तो वाराईच्या, म्हणजे माल चढ-उताराच्या मजुरीच्या, दरात येतो आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात. माथाडी कायदा या राज्यात १९६९ सालचा. ज्यांच्यासाठी तो केला त्यांना नवा रस्ता आखताना एकदाही विचारलं गेलं नाही.

चौथी, अंधाराची. जड वाहनांना दिवसा पेठेत बंदी आहे, म्हणून मोठा माल रात्रीच येतो. काळं डांबर, काळा दगड, वर सोनेरी मंद दिवे, आणि पाऊस पडून गेलेला असला तर सगळंच चकाकतं. डाव्या आरशात दगडाची कड दिसतच नाही. कर्बला काळे-पांढरे पट्टे मारायची पद्धत रस्त्यावरच्या खुणांच्या आयआरसी ३५ मध्ये आहे, आणि गावाकडच्या पुलाच्या कठड्यालाही ते असतात. इथे सौंदर्याला बाधा येते म्हणून मारले नाहीत, असं ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं.

बाकीच्या किरकोळ, पण टायरला किरकोळ नसलेल्या गोष्टी: उखडलेल्या खांबांचे बोल्ट जमिनीच्या वर दोन इंच तसेच सोडलेत. पावसाळी गटाराच्या जाळ्यांची कोपऱ्यातली लोखंडी पट्टी वर आलीय. टेलिफोनच्या खोदाईनंतर कर्बलगत जी चर बुजवली ती खचली, त्यामुळे त्या जागी दगडाची उंची आणखी वाढली.

यावर आपल्या एका बैठकीत "मग छोट्या गाड्या आणा" असं उत्तर मिळाल्याचं व्यापारी संघटनेच्या मंडळींनी सांगितलं. माझ्याकडे छोटी गाडी आहे, म्हणून अनुभवाने बोलतो. एका चौदा फुटीचा माल छोट्या हत्तीत बसवायचा तर अनेक खेपा होतात. म्हणजे तेवढ्याच अरुंद आळीत तेवढ्या जास्त वेळा गाडी शिरणार, थांबणार, रिव्हर्स येणार. आणि छोट्या गाडीचा टायर जास्त सोसतो असंही नाही, उलट आहे. १४५ आर १२ मापाचा टायर पूर्ण उभा मोजला तर साधारण ५४ सेंटिमीटर. त्याच्यापुढे आठ इंचांचा दगड म्हणजे चाकाच्या जवळपास मध्यापर्यंत. तिथे घासण्याचा प्रश्नच येत नाही, थेट रिमच वाकतो.

ड्रायव्हर लोक बेफिकीर असतात, हे दुसरं उत्तरही ऐकलंय. काही असतात. म्हणून आमच्या बाजूने आम्ही काय करतो तेही लिहितो. अनोळखी आळीत शिरण्याआधी क्लीनरने खाली उतरून डावी बाजू बघायची. चढावंच लागलं तर तिरकं घासत जायचं नाही, चाक सरळ करून, पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग फिरवायचं नाही, विशेषतः टायर दगडाला टेकलेला असताना. डाव्या बाजूला खाली बघणारा जादा गोल आरसा तिन्ही गाड्यांना लावलाय. दर आठवड्याला थंड टायरची हवा बघायची, कारण हवा कमी असली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि आधी तीच कापली जाते. गाडीत लाकडाचे दोन उतरते ठोकळे ठेवलेत. दगड उंच असेल आणि चढणं टळतच नसेल तर ते खाली लावतो. मात्र पाठीमागे हॉर्नचा गजर चालू असताना क्लीनरला ठोकळे लावायला किती वेळ मिळतो ते आपण एकदा तिथे उभं राहून बघावं. एवढं करूनही 'का'च्या रकान्यात 'साइड कट' येतच असेल, तर दोष फक्त स्टीअरिंगवरच्या हाताचा नाही.

आता मागण्या. साध्या आहेत.

१. पुढच्या तिन्ही रस्त्यांच्या निविदेतच कर्बचा आकार बदला. कोपऱ्यांवर आणि माल उतरवायच्या जागी वरची कड उतरती किंवा गोल हवी. तोच दगड वापरा, तोच रंग ठेवा, खाणीवरच कड मारून घ्या. बाकी सगळ्या लांबीला निदान धार तरी मोडलेली असावी.

२. उंची १५० मिलिमीटरच्या वर कुठेही नको. रस्ता उताराला असेल तर फूटपाथही उतारानेच न्या. काम तपासताना अभियंत्याने टेप लावावी आणि मोजमाप फलकावर लिहावं.

३. मुख्य रस्त्यावर झालेलं काम उखडू नका. पैसा लोकांचाच आहे. फक्त कोपऱ्यांवरची आणि त्या एका कप्प्याची कड जागेवरच ग्राइंडरने मारून घ्या. दोन माणसं आणि एक मशीन लागेल.

४. प्रत्येक आळीत माल उतरवायचा कप्पा द्या. रुंदी अडीच मीटर, टोकं तिरकी उघडी, लांबी गाडीपेक्षा निदान दोन मीटर जास्त. सकाळी ७ ते ११ माल, त्यानंतर दुचाक्या, असा फलक लावा आणि त्या चार तासांत तिथली दुचाकी उचला. आम्ही अकरानंतर तिथे दिसलो तर आमचं चलन करा, तक्रार करणार नाही.

५. कोपऱ्याच्या दगडांना पट्टे मारा किंवा रिफ्लेक्टर लावा. तुटक्या खांबांचे बोल्ट जमिनीलगत कापा, जाळ्या सपाट करा, खचलेली चर भरा. याला निविदा लागत नाही.

६. कोपऱ्यांची आखणी करताना चौदा फुटी गाडीचं मागचं चाक कुठून जातं ते नकाशावर काढा आणि तो नकाशा प्रभाग कार्यालयात लोकांसाठी लावा. कोपऱ्यावर माणसं उभी राहतात तिथे चाक येऊच नये, ही माझीही मागणी आहे. त्यासाठी ते कुठून जातं हे आधी माहीत पाहिजे.

७. जागेवरच्या पाहणीला मालवाहतूकदार, माथाडी आणि अंध-अपंगांच्या संघटनांपैकी प्रत्येकी एकाला बोलवा. तिघांना एकत्रच बोलवा, म्हणजे आमच्यापैकी कुणी दुसऱ्याच्या जिवावर सोय मागितली तर तिथेच कळेल.

फुटलेल्या टायरची भरपाई मी मागत नाही. ते पैसे गेले.

नकाशा पक्का होण्याआधी एक चाचणी घेता येईल. बुधवारी बाजार बंद असतो. किराणा आळीच्या दोन्ही तोंडांशी आपल्या माणसांनी नव्या कर्बची रेषा फक्कीने मारावी, कोपऱ्यावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्या ठेवाव्यात. गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल माझं. भरलेली गाडी हवी असेल तर भरून आणतो. गाडी आत शिरेल, थांबेल, बाहेर पडेल, आणि फक्कीवर टायरची खूण कुठे उमटली ते आपला अभियंता स्वतः टेपने मोजेल. दोन तासांचं काम आहे. कोणता बुधवार, तेवढं कळवा. अर्जाच्या पोचेवर माझा नंबर आहेच.

आपला,
पेठेत माल उतरवणारा एक छोटा मालवाहतूकदार